कोंडावरचा कंडक्टर

श्रीपततात्यांना एसटीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांच्यातला कंडक्टर अजून ड्युटीवरच आहे. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांना सांगतात, "पुढं सरका, मधी जागा हाय." रखमाकाकीनं चहाचा कप बशीवर दोनदा वाजवला की डबल बेल ऐकल्यासारखे बसल्या जागेवरून उठतात. तात्या माझे सख्खे काका. मी महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टी मिळाली की पोलादपूरच्या बाजूला आमच्या गावी जाते. तिथं गेलं की तात्या घरी सापडत नाहीत, कोंडावर सापडतात.

कोंड म्हणजे आमच्या नदीतला खोल डोह. वर देवीचं लहानसं देऊळ, खाली दगडी पायऱ्या आणि पाण्यात देवीचे मासे. काही हाताएवढे, काही चांगले मांडीएवढे. या माशांना गावात कोणी गळ लावत नाही. माझे आजोबा पट्टीचे मासे खाणारे, पण कोंडाच्या वर-खाली शंभर पावलं ते जाळं खांद्यावरून उतरवतसुद्धा नसत. उलट माशांना खायला घालायचं. तांदळाच्या पिठाचा गोळा हातात घ्यायचा, मनात इच्छा धरायची आणि गोळा टाकायचा. माशानं उचलला तर देवीनं ऐकलं. नाही उचलला तर दुसरा टाकायचा.

हे गोळे तात्यांच्या घरचे. रखमाकाकी रविवारी पहाटे परातभर पीठ मळते आणि तात्या पाटी डोक्यावर घेऊन पायऱ्यांशी उभे राहतात. पहिला गोळा त्यांचा, ही गावानं मान्य केलेली गोष्ट. त्यांनी नुसती हाक दिली, "चला, पोलादपूर, महाड, पुढं चला," की कोंडाच्या काळ्या पाण्यातून मासे वर येतात आणि पायरीशी दाटी करतात. मग तात्या त्यांनाही सोडत नाहीत. "अरे ढकलाढकल करू नका रे, सगळ्यांना मिळंल." लहानपणी मला वाटायचं, मासे खरंच एसटीत बसणार आहेत.

पाच-सहा वर्षांपूर्वी कोणीतरी हे सगळं मोबाईलवर टिपून पाठवलं आणि रविवारची गर्दी वाढली. वीर स्टेशनवरून रिक्षा करून माणसं येऊ लागली. तात्यांनी फरसाणाच्या आणि पावाच्या पिशव्या पायरीवरच अडवल्या. "आमच्या गाडीत तळलेलं चालत नाय," म्हणाले. गोळा मात्र त्यांच्या हातून प्रत्येकाला मिळायचा, आणि त्या वर्षांत काकीची एक परात तीनवर गेली.

मग तीन उन्हाळ्यांपूर्वी मासे मरायला लागले.

एप्रिल संपता संपता पाणी कमी झालं की सकाळी मासे वर येऊन तोंड उघडत राहायचे. एखादा उलटा तरंगायचा. गावानं लगेच दोषी शोधले. वरच्या वाडीत कोणी तरी शेतावर औषध मारतं. रस्त्याचं काम करणारे नदीत काही तरी ओततात. कोणाचीच खात्री नव्हती, पण जोर सगळ्यांचाच होता. तात्या मेलेला मासा धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळायचे आणि देवळामागं जांभळीखाली पुरायचे. दुसऱ्या वर्षीच्या मेपर्यंत त्यांनी एकूण अकरा पुरले. त्या मे महिन्यात ते इतके खंगले की काकीनं मला फोन केला. मी गेले तेव्हा ते पायरीवर बसले होते.

"शर्मिला गो, माझ्या डोळ्यांदेखत कोंड मोकळा व्हनार हाय," ते म्हणाले. "तू शिकलेली हायस. विचार की कोनाला."

म्हणून पुढचा उन्हाळा लागताना मी अंकिताला घेऊन आले. अंकिता माझी जुनी विद्यार्थिनी, नात्याची. आता मुंबईला पीएचडी करते, आणि तिचा विषयच हा आहे: पाण्यात त्रास झाला की मासे, शंख, खेकडे यांच्या शरीरात आतून काय बदलतं. तिनं देऊळ पाहिलं, पाणी पाहिलं आणि विचारलं की दोन-तीन मासे तपासायला मिळतील का. तात्यांचा चेहरा असा झाला की मीच दोन पायऱ्या वर सरकले.

"माशाला हात लावायचा नाय."

"बरं. मग खडकाला चिकटलेले हे छोटे काळे शंख?"

तात्यांनी बराच वेळ विचार केला. देवळाकडं पाहिलं. मग निकाल दिला, "शंखाचं देवीनं कायच सांगितलेलं नाय."

शंख घ्यायच्या पहिल्याच दिवशी घोटाळा झाला, आणि तो तात्यांच्या चांगुलपणामुळे. अंकिता उशिरा पोचणार असं कळल्यावर त्यांनी आदल्या संध्याकाळीच तीस शंख काढले आणि बादलीत विहिरीचं ताजं थंड पाणी घालून ठेवले. वर अळूची पानं झाकली. पाहुण्याला मेलेली जिन्नस द्यायची नाही, हा त्यांचा हिशेब. अंकितानं बादली पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"तात्या, हे मला चालणार नाहीत. हे रात्रभर बादलीत होते."

"जिते हायत की सगळे!"

"जिवंत आहेत, पण घाबरलेले आहेत. आता यांना विचारलं तर हे बादलीची गोष्ट सांगतील, कोंडाची नाही."

तात्यांना ते काही पटेना. मग अंकितानं पायरीवर बसून समजावलं. प्रत्येक जिवाच्या पेशीत जनुकांचा मोठा साठा असतो. उन्हाला तोंड द्यायची जनुकं, विष पचवायची, पाण्यातली हवा कमी झाली तर कसंबसं निभावून न्यायची. सगळी कायम तिथंच असतात, पण सगळी एकदम कामाला लागत नाहीत. जी गरज पडेल त्या जनुकाच्या नकला निघतात, त्या नकलांवरून शरीर लागणारी वस्तू बनवतं. नकला मोजल्या की जीव कोणत्या अडचणीत होता ते कळतं. पण त्या नकला फार नाजूक, आणि नवीन अडचण आली की थोड्या वेळात बदलतात. म्हणून शंख पाण्याबाहेर काढला की मिनिटभरात औषधाच्या नळीत गेला पाहिजे.

तात्या ऐकत होते. मला वाटलं, डोक्यावरून गेलं. पण ते म्हणाले, "म्हंजे तिकिटाची पेटी."

"काय?"

"आमच्या टायमाला मशीन नव्हतं. पेटीत सगळ्या टप्प्यांच्या तिकिटांचे गठ्ठे असायचे. माझी पेटी रोज तीच, गठ्ठे तेच. पन संध्याकाळी कंचा गठ्ठा किती फाटला ते बघितलं की मी आगारात बसून सांगायचो, आज बाजार व्हता का लगीन व्हतं का कोनी पुढारी आलता. तुला पेटी नको हाय. तुला फाटलेली तिकिटं मोजायची हायत."

अंकिता माझ्याकडं बघत राहिली. मी अठरा वर्षं हा धडा शिकवते आहे आणि इतकं सोपं मला एकदाही सुचलेलं नाही. थोडा रागच आला स्वतःचा.

त्या उन्हाळ्यात अंकितानं दर शुक्रवारी आणि दर सोमवारी सकाळी शंख घेतले. कोंडातून आणि तितकेच वरच्या डोहातून, जिथं देऊळ नाही आणि कोणी जातही नाही. दर वेळी तात्या तिच्या शेजारी घड्याळ धरून उभे असत आणि मिनिट झालं की "बेल!" म्हणत. नळ्या बर्फाच्या डब्यातून मुंबईला जात. त्या वर्षी तात्यांनी चौदा मासे पुरले.

निकाल फेब्रुवारीत आला. अंकिता स्वतः आली, एका सोमवारी दुपारी. ओटीवर आम्ही चौघं होतो: तात्या, काकी, अंकिता आणि मी. तिनं कागद पसरला. विष पचवायच्या जनुकांच्या नकला कोंडात आणि वरच्या डोहात सारख्याच, म्हणजे जेमतेम. औषध नाही, रस्त्याचं काही नाही. ऊन दोन्हीकडं सारखंच बाधत होतं. पण हवा कमी पडली की जी जनुकं कामाला लागतात, त्यांच्या नकला कोंडातल्या शंखांमध्ये कित्येक पटींनी जास्त होत्या. वरच्या डोहात नव्हत्या. आणि कोंडातही त्या शुक्रवारी थोड्या आणि सोमवारी भरमसाट होत्या. दर आठवड्याला. शंखांना दम लागत होता, मग माशांना लागणारच.

एवढं सांगून ती थांबली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. शुक्रवार आणि सोमवार यांच्यामध्ये काय असतं ते ओटीवरच्या सगळ्यांना माहीत होतं. मला तर ते तीन वर्षांपूर्वीच समजायला हवं होतं. मी विज्ञान शिकवते. मीसुद्धा दर उन्हाळ्यात गोळा टाकला होता, पहिला नाही उचलला तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. तरी त्या क्षणी मला वाटत होतं की अंकितानं आता गप्प बसावं, कागद गुंडाळावा आणि जावं.

तात्यांनीच विचारलं. "पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात काही नाही, तात्या. पाणी वाहतं."

"जे गोळं मासा खात नाय, ते तळाला जातात."

"हो."

"तिथं कुजतात."

"कुजताना पाण्यातली हवा संपते. पाणी कमी आणि गरम असलं की लवकर संपते. पहाटे सगळ्यात कमी असते."

"म्हंजे मी," तात्या म्हणाले.

काकी उठून आत गेली. आतून परात खाली ठेवल्याचा आवाज आला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अंकिता म्हणू लागली की गर्दी वाढली म्हणून झालं, तुमचा दोष नाही, पूर्वी एवढं कुठं होतं. तात्यांनी हात वर केला. गाडी थांबवताना करायचे तसा.

"पंचवीस मासे मी माझ्या हातानं पुरले गो," ते म्हणाले. "मारलेही मीच."

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम गेले. माणसं आली होती, नवी जोडपी, कोणाचं बाळ, कोणाची परीक्षा. तात्या नेहमीच्या जागी उभे होते, पाटी नव्हती. "गोळं बंद," ते म्हणाले. "गाडी फुल्ल हाय." लोक हसले. मग त्यांना कळलं की हा माणूस खरंच सांगतोय. एक बाई चिडून म्हणाली, देवीच्या माशांना उपाशी मारता होय? गावातले धोंडूबुवा देवळाच्या ओट्यावरून ओरडले की श्रीपतनं शहरातल्या पोरीचं ऐकून देवीचा नवस मोडला. तात्या पायरीवरून हलले नाहीत. कोणी फारच गयावया केली तर म्हणायचे, "इच्छा मनात धरा आन् पान्याकडं बघा. मासा दिसला म्हंजे देवीनं ऐकलं." शंख घ्यायला हरकत नाही हा निकाल त्यांनीच दिला होता, हाही त्यांनीच दिला. काहींनी मानला. काहींनी गुपचूप पिशवीतून काढून टाकलंच.

कठीण भाग वेगळा होता, आणि तो मला दुपारी कळला, गर्दी गेल्यावर. तात्या पायरीवर बसले आणि सवयीनं म्हणाले, "चला, पोलादपूर..." आणि मासे आले. सगळे आले, पायरीशी दाटी करून, तोंडं वर करून. तात्यांचे हात रिकामे होते. ते त्यांच्याकडं बघत राहिले. मासे जाईनात. किती तरी वेळ तसेच घुटमळत होते.

त्या दिवसापासून तात्यांनी कोंडावर बोलणं सोडलं. रोज जायचे, पायरीवर बसायचे, आलेल्यांना हातानं नको म्हणून सांगायचे, पण तोंडातून शब्द काढायचे नाहीत. आवाज ऐकला की मासे येतात, आणि आले की आशा करतात. काकी सांगते, घरीसुद्धा ते हळू बोलायला लागले.

मे महिन्यात अंकिता पुन्हा शंख घेऊन गेली. निकाल कळायला दिवाळी उजाडली. सोमवार आणि शुक्रवार जवळजवळ सारखे होते, कोंड आणि वरचा डोहही. त्या उन्हाळ्यात एक मासा गेला, तो म्हातारपणानं, असं तात्या म्हणाले, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत झाली नाही. मी आणि अंकिता निकाल सांगायला कोंडावर गेलो. ऐकून त्यांनी मान डोलावली. मग आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तिथं तोंड उघडलं, पूर्ण आवाजात, बस स्टँडवर द्यायचे तशी हाक दिली.

"चला, पोलादपूर, महाड, पुढं चला!"

पाणी स्वच्छ होतं. मधल्या खोल भागात मासे दिसत होते, मोठे, काळसर, आपल्या नादात फिरणारे. एकही वळला नाही.

मी तात्यांकडं पाहिलं. डोळे भरले होते, पण ते हसत होते. त्यांनी पायरीवर दोनदा बोटं वाजवली.

"उतरले," ते म्हणाले. "सगळे आपापल्या ठिकानी उतरले गो."