तीन परस खोल

कपाट उघडलं की डायव्हिंगच्या मास्कच्या रबराचा वास येतो आणि अहमदपूरच्या घरातली ती दुपार आठवते. गोव्यात भाड्याची यॉट ठरली होती. बुडालेल्या जुन्या जहाजापाशी थांबून खाली उतरायचं, हा माझा हट्ट. नवऱ्याला तो वेळ बीचवर जेवायला हवा होता. "बुडालेलं जहाज बघायला आपण बी बुडायचं व्हय, ताई?" जाऊ हसली. मी यॉटवाल्याला फोन लावला. "पाण्याखाली किती मीटर गेलात, मॅडम?" "मीटर न्हाई माहीत. माहेरच्या विहिरीत तीन परस खोल जाऊन घागर काढलीय." "परस म्हणजे?" तसा नवराच उठला, हात उंच करून फोनसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हे बघा, एवढं एक परस!" यॉटवाल्याला काय दिसणार! पण माझी बाजू घेतल्यावर नवऱ्याला बीचचं नाव काढता येईना. जहाजापाशीच थांबलो. आता दर हिवाळ्यात तोच विचारतो, "यंदा कुठलं जहाज?"