डेटा सेफ आहे

पोस्टरच्या ओल्या शाईचा वास आला की आजही माझं टाळकं सटकतं. तेव्हा वडसा गावात आमच्या नाटक कंपनीचं ऑफिस होतं आणि कोणत्या गावाला कोणती तारीख दिली, ते म्हातारे मॅनेजर एका लाल वहीत लिहीत. मी कॉम्प्युटर आणला. तारखा त्याच्यातच ठेवायच्या की नागपूरच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर, एवढंच ठरवायचं होतं. "आग लागू दे, उंदीर कुरतडू दे, तुमचा डेटा सेफ," असं त्यांचा टायवाला सेल्समन म्हणाला आणि मी शहाण्याने सर्व्हर निवडून वही रद्दीत घातली. दिवाळीच्या तोंडावर रस्ता खोदताना केबल तुटली आणि चार दिवस गावभर नेट बंद पडलं. नेमके तेव्हाच कुरखेड्याकडचे पाच जण नाटक ठरवायला आले. "आमच्या मंडईच्या जत्रेले तुमची कंपनी मोकळी हाये का नाई, एवढंच सांगा ना भाऊ!" मला सांगता येईना. मोबाईलवर टायवाल्याला विचारलं, तर म्हणे, "आम्हाला उघडता येत नाही सर, तुम्हीच ऑनलाइन बघा. डेटा सेफ आहे." "सेफ हाये त्याले मी चाटू का?" मी ओरडलो. पाहुणे अर्धा चहा टाकून समोरच्या नाटक कंपनीत गेले. नेट आल्यावर पाहिलं, तर तो दिवस मोकळाच होता, आणि त्या मंडईतल्या नाटकाचं समोरच्यांचं पोस्टर आमच्याच भिंतीवर ओलं चिकटलेलं होतं. आता मुलगी म्हणते, "बाबा, सगळं क्लाउडवर टाकू, सेफ असतं." मी म्हणतो, "टाक. पण आधी मले एक लाल वही आणून दे."