बाबांच्या बाजूचा आजार

बायॉप्सीचा रिपोर्ट 'इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा' आला. म्हणजे दुधाच्या नळीत सुरू झालेला कॅन्सर नळीबाहेर पसरू लागलेला. ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी चित्र काढून समजावलं. शेजारी आई रडत होती, म्हणून मी चित्राकडेच पाहत राहिले. मी एकोणतीस वर्षांची आहे.

गाठ चार महिने आधीच आंघोळ करताना हाताला लागली होती. पुरुष डॉक्टर तपासतील या लाजेने गप्प बसले. तुम्ही बसू नका.

"घरात आणखी कुणाला झालाय?" मॅडमनी विचारलं.

"नाही हो, आमच्यात कुणालाच नाही," आई म्हणाली.

शहाडला राहणाऱ्या माझ्या आत्याचा एक स्तन बारा वर्षांपूर्वी काढला होता. बाहेर हर्निया सांगितलेला, तिच्या मुलीला, रोहिणीलाही. आई मुद्दाम खोटं बोलत नव्हती. तिच्या मते हा आजार आईकडून येतो. आत्या तर बाबांकडची.

माझ्या वतीने आईच बोलते. शाळेत, बँकेत, सगळीकडे. त्या बंद खोलीत मॅडमनी 'कुणालाही नाही' टाइप केलं, तेव्हा मात्र मीच बोलले.

"माझ्या आत्याला झाला होता."

आईने टेबलाखाली माझा हात दाबला.

"बाबांची बहीण? बरं झालं सांगितलंस. सदोष जीन वडिलांकडूनही येतो."

ऑपरेशन ठरवण्याआधी 'बीआरसीए' टेस्ट झाली. रक्तातून तो जीन शोधतात. रिपोर्टला तीन आठवडे लागले. मानपाड्याच्या घरात मी आणि आई एकमेकींना चुकवत वावरत होतो. दोनच खोल्या, चुकवणार कुठे?

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दुसऱ्या स्तनालाही धोका होता, दोन्ही काढायचं ठरलं. मॅडम म्हणाल्या, "आत्याच्या मुलीचीही टेस्ट व्हायला हवी. नियमाने मी तिला फोन करू शकत नाही. तुम्हीच घरात बोला."

मी आत्याला फोन केला.

"इंग्लिश शाळेत हेच शिकवलं का गं तुला? दोन महिन्यांनी तिचा साखरपुडा आहे. तिकडच्यांना कळलं तर?" तिने फोन ठेवला.

सांगावं तर आत्याचं गुपित फुटणार, न सांगावं तर रोहिणी माझ्यासारखी उशिरा पोचणार. आठ दिवस हेच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आत्या आली. साडीच्या दुकानाच्या पिशवीत तिची जुनी फाईल होती.

"मला नाही जमणार गं. बारा वर्षं हर्निया हर्निया केलंय. तूच सांग तिला."

मला हसू आलं.

"हसतेस काय, मेले!" म्हणाली, आणि रडायला लागली.

मी तिच्यासमोरच रोहिणीला फोन लावला. हर्निया नव्हता, कॅन्सर होता, हे सांगितलं. टेस्टचंही सांगितलं. रोहिणी म्हणाली, "ताई, आईला दे."

आता माझे केमोचे डोस चालू आहेत. तुम्हाला कुणी 'घरात कुणाला झालाय' असं विचारलं, तर बाबांकडच्या बायकाही आठवा. आत्या बारा वर्षं जगली आहे, हे मला आधारासारखं वाटतं. तिने मला फाईल दिली त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. गुरुवारी रोहिणी टेस्टला येतेय. साखरपुड्याच्या आधी. तिकडच्यांना तिने स्वतःच सांगितलं.