सड्यावरचं गाभण जनावर

पाटणच्या वरच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, कातळशिल्पं नोंदवायला मी सुट्टीच्या दिवशी कराडहून जातो. काम तसं सोपं. खराट्यानं माती झाडायची, उन्हं कलून रेघांत सावली भरली की प्लास्टिकचा पारदर्शक कागद अंथरायचा आणि रेघा उतरवून घ्यायच्या. मात्र शिल्पाला कुणी तेल-शेंदूर फासलेला दिसला की माझं डोकं फिरतं. एकदा रेघा बुजल्या की संपलं. त्यापायी मी गावोगावी भांडणं ओढवून घेतली आहेत.

त्या दिवशीचं भांडण जेसीबीवाल्याशी होतं. पवनचक्कीचा रस्ता नेमका लांब शिंगांच्या एका मोठ्या जनावरावरून जाणार होता. मी रेघा उतरवलेला कागद दाखवला, हे फार फार जुनं आहे म्हणून सांगितलं. माणूस भला होता, पण म्हणाला, "सर, मला तर नुसत्या भेगाच दिसत्यात. रस्ता कर म्हणल्यात, मी करतोय." मशीन चालूच होतं.

जवळच्या धनगरवाड्यावरची एक म्हातारी शेरडं घेऊन तिथं थांबली होती. तिनं विचारलं, "काय हाय ह्ये, मास्तर?"

"जनावर आहे, आजी. पोटातलं हे बारकं म्हणजे त्याचं पिल्लू."

"गाभण हाय व्हय?"

तिनं कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली आणि मूठभर उधळला. मी 'नको, नको' म्हणेपर्यंत उशीर झाला होता. गुळगुळीत कातळावरचा भंडारा वाऱ्यानं उडाला, रेघांतला राहिला. आख्खं जनावर पिवळं उमटलं, पिल्लासकट. इतकं स्वच्छ ते मलाही कधी दिसलं नव्हतं. म्हातारी जेसीबीवाल्याकडे वळली. "गाभण जनावरावर चाक घालतोस व्हय रं?"

त्यानं मशीन बंद केलं. खाली उतरला आणि चपला काढून उभा राहिला. पुढं रस्ता बाजूनं वळवला गेला.

परवा पुन्हा गेलो. शिंगं तेलाच्या थराखाली गेली होती, पोटावर शेंदूर थापलेला होता. पिल्लाची रेघ बोटांनी चाचपूनही लागेना. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? तिथंच बसलेल्या म्हातारीनं शेंदराचं ताट पुढं केलं.

"लावा, मास्तर. तुमीच तर दावलंसा आमाला."

मी बोट शेंदरात बुडवलं.