पावसाळ्यातलं भाडं

"पुनवेक बोलूया."

एसटीला थांबवावं तसा उजवा हात पुढे करायचा आणि एवढं बोलून विषय मिटवायचा, ही आमच्या तांडेलांची रीत. पुनव म्हणजे नारळी पौर्णिमा. मालवणच्या बंदरावर मच्छीमाराचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि पाडव्यालाही नाही. समुद्राला नारळ दिला की ते सुरू होतं आणि मे सरता सरता होडी वाळूवर ओढली की संपतं. मधले पावसाचे महिने कुणी हिशेबात धरत नाही. त्या दिवसांत तांडेलांकडे कुणी भावकीतल्या जमिनीचा वाद काढला, कुणी भाचीच्या लग्नाची बैठक काढली, की हात पुढे आलाच म्हणून समजा. एका पावसात डॉक्टरने त्यांना दाढ काढायला सांगितली, तर त्यालाही त्यांनी पुनवेचाच वायदा दिला. गाल सुजवून घरात बसून राहिले, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, पण दाढ काढली ती नारळ दिल्यावरच.

मी तेव्हा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात खिडकीवर बसायचे. होड्यांना बर्फाच्या लाद्या द्यायच्या आणि पावत्या फाडायच्या, हे माझं काम. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. बंदरावर तांडेल पुष्कळ होते, पण नुसतं 'तांडेल' म्हटलं की आम्हाला तेच आठवायचे. माणूस आडदांड, आवाज त्याहून आडदांड, आणि स्वभावाने भलताच मानी. बर्फाची लादी कोपऱ्यात जराशी फुटलेली निघाली तर ते ती परत करत नसत. मला हाक मारून दाखवत आणि मी खजील होईपर्यंत तिच्याकडे बघत बसत. राग यायचा मला त्यांचा. आता येत नाही.

त्यांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी होडी वर ओढली की ते खलाशांना ओळीने उभं करायचे. प्रत्येकाच्या हातात नारळ द्यायचे आणि म्हणायचे, "सुटलंस." झालं. खलाशाने नारळ घेतला की तो मोकळा आणि तांडेलही मोकळे. पावसात ना त्याने पगार मागायचा, ना यांनी कामाला हाक मारायची. पुनवेला पटलं तर पुन्हा यायचं. कागद नाही, सही नाही, आणि या नारळावरून कधी भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. आमच्या किनाऱ्यावर घेतलेला नारळ कुणी नाकबूल करत नाही.

मोबाइल नुकते आमच्याकडे पोचले होते ते दिवस. एके दिवशी मासळीचा लिलाव चालतो तिथे वाळूत एक टेबल आलं, टेबलावर रंगीत छत्री आली आणि छत्रीखाली टाय बांधलेला एक माणूस. त्या उकाड्यात टाय! कोळणी पाट्या डोक्यावर ठेवून त्याला बघायला थांबत. फोन आता घ्या, पैसे नंतर द्या, महिन्याला बिल भरा, फक्त तीन वर्षं सोडायचं नाही, अशी त्याची योजना. तांडेलांना फोन हवाच होता. होडी किनाऱ्याकडे वळली की समुद्रातूनच विचारायचं, आज मालवणला दर बरा की वेंगुर्ल्याला, आणि बरा असेल तिकडे होडी घालायची. तोवर दर मिळणं नशिबावर अवलंबून होतं.

तीन वर्षांचं ऐकून तांडेल हसले होते म्हणे. माझे खलाशी दहा-दहा वर्षं माझ्याकडे आहेत, तुझी तीन वर्षं ती काय घेऊन बसलास, असं त्यांनी त्या टायवाल्याला सुनावलं. मग सही करता करता विचारलं, पावसात बंद ना? टायवाल्याने मान डोलावली. तो सकाळपासून सगळ्यांनाच मान डोलावत होता. त्याला पगारच त्याचा मिळत असावा.

पहिल्या हंगामात त्या फोनने आमची करमणूक केली ती काय सांगू! समोरच्या होडीला हाळी द्यावी तसा तोंडाभोवती हात धरून ते फोनवर ओरडत. त्यांची बायको, जिला आम्ही काकी म्हणायचो, मला म्हणाली की हे समुद्रातून बोलतात ते मला चुलीपाशी ऐकू येतं, मधल्या यंत्राला फुकट पैसे देतोय. खंडेनवमीला त्यांनी फोन जाळ्यांच्या आणि इंजिनाच्या शेजारी मांडला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. कुंकू बटणांत गेलं. त्यानंतर पाचाचा आकडा काही केल्या दबेना, आणि ज्यांच्या नंबरात पाच होता त्या लोकांशी तांडेलांचं बोलणं तुटलं.

मे संपला. होडी वर आली, तिला तेल लागलं, तिच्यावर झावळ्यांचं छप्पर चढलं. तांडेलांनी फोनची बॅटरी काढली, फोन जुन्या लुंगीच्या फडक्यात गुंडाळला आणि इंजिनाच्या सुट्या भागांच्या डब्यात घालून माळ्यावर टाकला. मला येऊन सांगून गेले, फोनला सुट्टी दिली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही याच किनाऱ्यावर वाढलेली, मला कसं वाटणार?

पुनवेला फोन खाली आला. बॅटरी बसवली, पण फोन मुका. बाजारात एक घड्याळवाला होता, तोच या कंपनीचा एजंट झाला होता. त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो. मला इंग्रजी थोडं येतं म्हणून मी. त्याने सांगितलं की पावसातल्या सगळ्या महिन्यांची बिलं थकलीत, त्यावर दंड चढलाय, म्हणून फोन बंद केलाय. तांडेल म्हणाले की अरे, मी एक शब्द बोललेलो नाही, तर पैसे कसले? घड्याळवाला म्हणाला, भाडं. बोला किंवा नका बोलू, ते चालूच राहतं.

तांडेल माझ्याकडे वळले. त्याला नाही, मला विचारलं त्यांनी.

"पावसात कोण भाडा घेता गो, बाय?"

मग फोन परतच घे, असं ते त्याला म्हणाले, तर घड्याळवाल्याने दुसरी गंमत सांगितली. सोडायचं तर सोडा, पण उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं आत्ता एकदम भरून सोडा. म्हणजे बघा, ठेवलं तर भाडं, आणि सोडलं तर सगळं भाडं! मी त्याच्याकडून करार मागून घेतला आणि तिथेच उभी राहून वाचला. तीन वर्षं ग्राहकाने हलायचं नाही. कंपनी मात्र वाटेल तेव्हा दर बदलणार, योजना बदलणार, आणि ते ग्राहकाला मान्य आहे असं धरलं जाणार. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात ती दोन्ही टोकांनी ओढतात, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीत वाटा असतो. इथे एका टोकाला तांडेल एकटे वाळूत पाय रोवून उभे, आणि दुसरं टोक कुणी धरलंय ते दिसतसुद्धा नाही. याला करार म्हणतात! शिकलेले लोक मला सांगतात की बाई, सही करण्यापूर्वी वाचायला हवं होतं. बरोबर आहे. आणि तो टायवाला वाळूत येऊन बसला होता, त्याने लिहिणाऱ्याला सांगायला नको होतं, की या लोकांचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं?

त्या वर्षी त्यांनी दंडासकट पैसे भरले. शब्द दिला होता ना! वर येता-जाता स्वतःच्या फजितीची गोष्ट रंगवून सांगितली. पण दुसरा मे आला तेव्हा त्यांनी ठरवलं की यंदा गाफील राहायचं नाही. होडी वर काढली, खलाशांना नारळ दिले, आणि उरलेला एक नारळ आणि फोन घेऊन ते घड्याळवाल्याच्या दुकानात गेले. दोन्ही वस्तू त्याच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "सुटलंस." घड्याळवाला हसला. त्याने फोन खणात टाकला आणि नारळ घरी नेला.

तांडेल तिथून थेट माझ्या खिडकीवर आले. चेहऱ्यावर लग्न लावून आल्याचं समाधान.

"नारळ घेतल्यान," ते म्हणाले. "आता काय्येक रवला नाय."

मी मनात म्हटलं, एवढं सोपं नसणार. पण त्यांनी सांगितलं त्यात चूक काय ते मलाही दाखवता आलं नसतं. नारळ घेतला होता की त्याने! कुणी गळा धरून दिला नव्हता.

आषाढात दोन वसुलीवाले मोटारसायकलवरून आले. ते घरी गेले नाहीत. जाळी विणायची शेड असते तिथे आले, कारण तिथे माणसं असतात, हे त्यांना ठाऊक होतं. पाऊस पडत होता म्हणून त्या दिवशी कोळणीही आडोशाला बसल्या होत्या. मीही तिथे चहाला गेले होते. त्या दोघांतला एकजण तांडेलांना मोठ्याने म्हणाला, फोन घेऊन पैसे बुडवणारे तुम्हीच ना? तांडेल जाळ्याची सुई हातात धरून उठले. फोन परत केला, नारळ दिला, असं सांगायला लागले. त्या दोघांना नारळाचं काही कळेना. तांडेलांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पुनवेक बोलूया." तर त्या मेल्याने तस्साच हात करून त्यांची नक्कल केली, आणि दुसरा हसला.

ते गेल्यावर एका म्हातारीने शेजारणीला हळूच विचारलं, तांडेलांनी खरंच कुणाचं बुडवलं का गो? तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तांडेलांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी सुई खाली ठेवली, जाळं घडी केलं आणि घरी गेले.

मी संध्याकाळी गेले त्यांच्याकडे. माझ्याकडे थोडे पैसे होते, ते घ्या आणि या लोकांचं तोंड बंद करा, म्हणून सांगितलं. त्यांनी पैशांकडे बघितलंही नाही.

"माजा नाव मीच सोडवतलंय," म्हणाले.

श्रावण लागला आणि पावसाने दोन दिवसांची उघडीप दिली. अशा वेळी खाडीच्या मुखाशी कोळंबी मिळते, आणि पावसात मासळी नसल्याने तिला दर येतो. मोठी होडी छपराखाली होती. तांडेलांनी शेजाऱ्याची लहान होडी मागून घेतली आणि एकटेच गेले. जन्मात नारळ दिल्याशिवाय ज्याने समुद्रात पाय घातला नाही, तो माणूस पुनव तोंडावर आली असताना गेला. काकीने विचारलं, थोडे दिवस दम का नाही धरत? वल्हं खांद्यावर टाकून निघाले म्हणाली.

होडी मिळाली, पलीकडच्या खडकांत, उलटी. तांडेल मिळाले नाहीत.

समुद्राने घेतलं, असं लोक म्हणाले. मी नाही म्हणत. समुद्र त्यांना लहानपणापासून ओळखत होता, आणि तेही त्याला ओळखून होते. पावसात त्याच्या वाटेला जायचं नाही, एवढा त्यांचा साधा नेम होता. तो नेम कुणी मोडायला लावला, ते सांगा मला. पावसातल्या महिन्यांचं भाडं! आमच्या कारखान्यात पावसात बर्फाचं यंत्र बंद असतं, तर मालक होड्यांकडून लाद्यांचे पैसे मागतो का?

पुनव झाल्यावर तेच दोघे पुन्हा आले, या वेळी घरी. काकीने त्यांना बसायला दिलं, चहा दिला. तांडेल कुठे आहेत म्हणून त्यांनी विचारलं. "दर्यात," ती म्हणाली. त्यांनी वहीत लिहिलं, कामावर गेले आहेत, आणि पुन्हा येऊ म्हणून सांगून गेले.

मग मी काकीला घेऊन निघाले. तिला एकच गोष्ट हवी होती. तिला माफी नको होती, भरपाई नको होती. त्या दोघांनी पुन्हा दारात येऊन नवऱ्याला बुडव्या म्हणू नये, एवढंच. आधी ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत गेलो, मृत्यूचा दाखला मागायला. तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं की देह मिळाला नसेल तर माणूस बेपत्ता धरतात. सात वर्षं वाट बघायची, मग कोर्टात जायचं. तिथून एसटीने कुडाळला, कंपनीच्या ऑफिसात. काचेचं दार, आत गारेगार, आणि टेबलामागे एक मुलगी. बोलायला गोड होती, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. मी सगळं सांगितलं. तिने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली की करार अजून संपलेला नाही. बंद करायचा असेल तर मृत्यूचा दाखला लागेल.

मी म्हटलं, दाखला सात वर्षं मिळत नाही.

"मग ग्राहकाने स्वतः यावं लागेल, मॅडम. सहीसाठी."

मी भांडायला तोंड उघडलं, तर काकीने माझा हात धरला. पदर सावरून ती पुढे झाली, आणि आपल्या लेकीशी बोलावं तसं त्या मुलीला म्हणाली,

"तो येवचो आसतो, तर पयलो घराक इलो नसतो गो, बाये?"

मुलीने मान खाली घातली. मग आमच्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.