फळीवरच्या ग्लासातला चहा

भिंगारच्या क्वार्टरमधून निघतानाच मी वहिनींना बजावलं, ‘‘ह्या खेपेला एकही नारळ घरी आणायचा नाही.’’

‘‘मी काय मागती व्हय? त्येच देत्यात,’’ असं म्हणून वहिनींनी पिशवीत दोन लिंबं टाकली.

गयावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. गेली काही वर्षं गावोगावी त्यांचा सत्कार होतो, आणि सत्कार म्हटला की शाल-श्रीफळ आलंच. नारळाची वडी, नारळाची चटणी, नारळाचं कालवण खाऊन खाऊन माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, ‘‘आपण कोकणात कधी राहायला गेलो?’’ आम्ही नगरची माणसं, शेंगदाण्याच्या कुटावर वाढलेली. त्यात वहिनींना एसटी लागते. लिंबू हुंगत, डोळे मिटून त्या जिल्हाभर फिरतात, आणि खाली उतरून पदर खोचला की असं बोलतात की बंदोबस्ताचा फौजदारसुद्धा टोपी नीट करतो. पिशव्या धरायचं काम माझं. मी लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून आहे. माझी सगळी रजा ह्या बाईंच्या मागं गेली.

हे सगळं प्रकाशपायी. प्रकाश त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. एका गावात काम आटोपून तो हाटेलात चहा प्यायला गेला. तिथं आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसांसाठी बाहेरच्या कोनाड्यात वेगळा कप असायचा. प्यायचा, आपला आपण विसळायचा आणि परत पालथा घालायचा. प्रकाशनं तो घेतला नाही. आत जाऊन फळीवरचा, सगळ्यांचा ग्लास उचलला. चौघांनी त्याला मारलं. सिव्हिलला आणला, पण वाचला नाही. कोर्टात अजून तारखा पडताहेत. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. नाव कळून तुम्ही करणार काय? त्यापेक्षा आपल्या गावात कोनाडा आहे का ते बघून या.

तोवर वहिनी चारचौघांत तोंड उघडत नसत. प्रकाश गेल्यावर कचेरीपुढं मोर्चा निघाला, तिथं कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. त्यांनी तो उलटा धरला. सुलटा करून दिल्यावर म्हणाल्या, ‘‘माझं पोरगं चहा मागाया गेल्तं, जीव द्याया न्हाई.’’ एवढं बोलून खाली बसल्या. तेव्हापासून बोलावणी सुरू झाली. वहिनींची पद्धत ठरलेली: गावात शिरलं की आधी हाटेलात जाऊन चहा मागायचा, सभा त्यानंतर.

आणि आता बोलावणं आलं होतं खुद्द त्याच गावाहून. बायकांना सरपंचपद राखीव होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि तिथं नव्या सरपंच सिंधुताई नावाच्या एक शेतकरीण होत्या. पत्रावर त्यांची सही होती.

‘‘वन्सं,’’ वहिनी मला म्हणाल्या, ‘‘मला त्याच हाटेलात, त्याच फळीवरच्या गिलासात चहा प्यायचाय. त्याबिगर मी माघारी यायची न्हाई.’’

माळीवाड्याच्या स्टँडवर आम्ही एसटी धरली. राहुरीला गाडी टेकते न टेकते तोच कार्यकर्ते हार घेऊन आत घुसले. वहिनी नेमक्या खिडकीबाहेर मान काढून ओकत होत्या. त्याच अवस्थेत त्यांचा सत्कार झाला. ‘‘माईंचा विजय असो!’’ म्हणत मंडळी उतरली आणि एक नारळ माझ्या मांडीवर आला. कोल्हारला आणखी एक. पुढं ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला, तशी दोन्ही नारळांनी बाकांखालून थेट इंजिनाकडं धाव घेतली. कंडक्टर ते घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘बाई, ह्यांचं तिकीट?’’

‘‘सत्काराचे आहेत हो,’’ मी म्हणाले.

‘‘मग आमचा बी करा की कवातरी!’’

चहाच्या बाबतीत मी मोठी चोखंदळ, हे इथंच सांगून ठेवते. राहुरीचा चहा झकास, आलं सढळ हातानं घातलेलं. राहात्याला चहाऐवजी पेरू खाल्ले. राहात्यात येऊन पेरू न खाणारा माणूस करंटा. शिर्डीचा चहा म्हणजे कपात विरघळवलेला पेढा. तिथं गाडी बदलायची होती. एक हारवाला मागंच लागला, ‘‘माई, बाबांना हार-नारळ घ्या!’’

वहिनींनी पिशवी उघडून दाखवली. ‘‘मला घ्यायचा न्हाई, द्यायचाय. घेतो का?’’

हारवाल्याला असं गिऱ्हाईक जन्मात भेटलं नसावं. त्यानं डोकं खाजवलं, दोन्ही नारळ कानाशी नेऊन हलवून बघितले आणि शेजारच्या दुकानातून पेढ्यांचा पुडा आणून दिला. मी खूश झाले. म्हटलं, चला, नारळांची पीडा टळली.

मुक्काम पुणतांब्याला, आमच्या मावसबहिणीकडं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो. पाणी संथ होतं, पलीकडं उसाचे तुरे हलत होते. वहिनी एकदम म्हणाल्या, ‘‘वन्सं, मला भ्या वाटतंय.’’ इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी पेढा पुढं केला आणि त्यांनी तो खाल्ला.

सकाळी कांद्याच्या टेम्पोत बसून गावाकडं निघालो. थंडी मी म्हणत होती. उघड्या टेम्पोत वहिनींना काहीसुद्धा लागलं नाही. कांद्याच्या पोत्यावर त्या अशा बसल्या होत्या की ड्रायव्हर सारखा आरशात बघत होता.

वेशीवर भाऊसाहेब हार घेऊन उभे. हे सरपंचबाईंचे यजमान. कारभार सगळा हेच बघतात, हे त्यांच्या मिशांवरूनच कळत होतं. हार घातला, शाल घातली, आणि वहिनींच्या हातात नारळ ठेवला. मी कपाळाला हात लावला.

‘‘सरपंचबाई कुठं हायेत?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘ह्या काय, हितंच की.’’ भाऊसाहेबांच्या मागं डोक्यावरून पदर घेतलेल्या सिंधुताई उभ्या होत्या. ‘‘चला, चहापान शाळेत ठेवलंय.’’

‘‘मी हाटेलातला पिणार,’’ वहिनी म्हणाल्या आणि चालायला लागल्या. मागून निम्मं गाव.

हाटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि एक चूल. बाहेरच्या कोनाड्यात कप नव्हता. ताजा चुना फासलेला होता. मालक अण्णा. मारणाऱ्यांत तो नव्हता, बघणाऱ्यांत होता. त्यानं लगबगीनं एक कप पुढं केला. कोरा करकरीत, सोनेरी काठाचा, किमतीची चिठ्ठीसुद्धा निघालेली नाही.

‘‘पाव्हण्यांसाठी मुद्दाम नवा आणला, माई.’’

वहिनींनी कप नीट न्याहाळला. ‘‘लई ग्वाड हाय. पर मला नवा नको. त्या फळीवरचा गिलास द्या.’’

‘‘त्ये... त्ये समदे उष्टे हायती. धुवायचे राह्यलेत.’’

फळीवर ग्लास लख्ख चमकत ओळीनं पालथे होते. खोटं बोलायलासुद्धा माणसाला थोडी सवड लागते. अण्णाला ती मिळाली नाही.

वहिनी तोंडभर हसल्या. ‘‘उष्टे व्हय? मग आदी सांगायचं न्हाई का!’’

आणि ह्या बाईनं पदर खोचला. फळीवरचा एकूण एक ग्लास उतरवून टबात घातला. सत्काराच्या नारळाची शेंडी सोलली, चुलीतली राख घेतली आणि त्या शेंडीनं ग्लास घासायला बसली. नवी शाल पाण्यात लोळत होती. इतक्या वर्षांत नारळ कामाला आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. अण्णा ‘‘माई, ऱ्हाऊ द्या, माई’’ करत मागंपुढं नाचत होता. सगळं गाव बघत होतं. हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला: आता ह्या बाईचा हात न लागलेला ग्लास गावात कुठून आणायचा?

ग्लास फळीवर लागले. ‘‘आता वता,’’ वहिनी म्हणाल्या.

अण्णानं चहा ओतला. वहिनींनी ग्लास दोन्ही हातांत धरला, बराच वेळ नुसता धरला, आणि मग प्यायल्या. कुणी हलेना. भाऊसाहेब चहाच्या पातेल्याकडं असे बघत होते की मला त्यांची दया आली.

‘‘अण्णा, मला बी द्या,’’ मागून आवाज आला. सिंधुताई.

‘‘अगं, तू कशाला—’’

‘‘माझ्या सहीनं आल्यात त्या. मी न पिऊन कसं चालंल?’’ आणि त्यांनी सगळ्यांसमोर उभ्या उभ्या ग्लास रिकामा केला. मग एक म्हातारबा ‘‘थंडी लई हाय बुवा’’ म्हणत पुढं आले. मग आणखी दोघं. शेवटी भाऊसाहेब घसा खाकरून म्हणाले, ‘‘मला हाफ.’’ खोटं कशाला सांगू, पुष्कळजण पाठ फिरवून निघूनही गेले.

मी ग्लास तोंडाला लावला. देवा रे! पाणचट, धुरकट, दूध खाली लागलेलं. तो मी संपवला आणि दुसरा मागितला.

निघताना अण्णा खालमानेनं म्हणाला, ‘‘त्या दिशी मी हितंच हुतो, माई.’’

‘‘ठावं हाय. कोर्टात येऊन सांगा,’’ वहिनी म्हणाल्या. त्यानं मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाला नाही. बघू.

परतीच्या एसटीत वहिनींनी लिंबू काढलंच नाही. राहुरी मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘वन्सं, तुमी चहाच्या पारखी. कसा हुता?’’

‘‘वहिनी, खरं सांगू? इतका भिकार चहा मी जन्मात प्यायले नाही.’’

त्या हसायला लागल्या. हसता हसता हुंदका कधी फुटला ते दोघींनाही कळलं नाही. ‘‘तोंडात धरायच्या लायकीचा न्हवता वो त्यो! अन् त्याच्यापायी माझं पोरगं गेलं.’’ मी त्यांना जवळ घेतलं. मलाही आवरेना. कंडक्टर आला आणि काही न विचारता पुढं गेला.

विळदच्या घाटात त्यांनी डोळे पुसले. नगरचे दिवे दिसायला लागले होते. ‘‘एवढा वंगाळ हुता, तर दुसरा कशापायी मागितला?’’

‘‘प्रकाशचा राहिला होता ना, वहिनी.’’

त्यांनी माझा हात धरला तो भिंगार येईपर्यंत सोडला नाही.