राजदूत लेकीचं सरळ उत्तर

माझी लेक राजदूत आहे. परक्या देशात आपली बाजू मांडायची आणि कोणाला दुखवायचं नाही, हे तिचं काम. सुरुवात वकिलातीत व्हिसाच्या खिडकीमागे झाली. तिथे ती नकारही असा द्यायची, की माणसं आभार मानून जायची. पुढे बदल्या झाल्या, गाडीवर झेंडा आला. मेजवान्यांना जाताना आधी घरीच चार घास खाऊन जाते. तिथे जेवायचं नसतं म्हणे, बोलायचं असतं. या सगळ्यात तिचं सरळ बोलणं मात्र कुठल्याशा बदलीच्या खोक्यात बांधलं गेलं, ते परत सुटलंच नाही.

"जेवलीस का गं?" विचारलं, की म्हणणार, "तसं म्हणायला हरकत नाही."

"आणि लग्नाचं?"

"त्यावर सकारात्मक विचार चालू आहे, आई."

हे हसत सुटायचे. मी चिडायचे, "अगं, मी परराष्ट्र खातं नाही, तुझी आई आहे. एकदा तरी हो की नाही ते सांग!"

गेल्या आठवड्यात ती राहते त्या शहरात गोळीबार सुरू झाला. आपल्या लोकांना आणायला विमान निघालं. मी फोन लावला, "येतेयस ना या विमानानं?"

वाटलं, आता म्हणेल, परिस्थितीवर आमचं लक्ष आहे.

"नाही," ती म्हणाली.

इतका स्वच्छ शब्द कित्येक वर्षांत तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"आपली माणसं अजून अडकलीत, आई. ती निघाल्याशिवाय राजदूत निघत नाही. झेंडा मीच उतरवणार."

मी नको नको ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. यांनी फोन घेतला, तर "बाबा, आईला सांभाळा," एवढंच. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. हे चहा करून समोर ठेवायचे, तो तसाच गार व्हायचा.

आज दुपारी फोन वाजला. मागे गाडीचा आवाज.

"आई, सीमा ओलांडली. सगळे आलो. झेंडा माझ्या मांडीवर आहे."

"जेवलीस का?"

"नाही. खूप भूक लागलीय. आणि आई, मला फार भीती वाटत होती गं."

शेजारून हे विचारत होते, "अगं, रडतेयस का?"

डोळे पुसत मी म्हटलं, "तसं म्हणता येणार नाही."